जीव आला कुठून आणि जीव बदलला कसा

पहिला दमदार पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळी पठारांवर, नवल घडतं. मे महिन्यात पाय भाजणारा तोच जांभ्याचा कातळ, पण त्याच्या खळग्यांत पाणी साचतं आणि त्या पाण्यात जीव वळवळू लागतात. बेडूकमासे, कीटकांच्या अळ्या, उताणे पोहणारे कोळंबीसारखे चिमुकले प्राणी. परवापर्यंत इथे काही नव्हतं, मग हे आलं कुठून? मुलं हमखास विचारतात, आणि उत्तर देताना मोठी माणसं दोन प्रश्नांची सरमिसळ करतात. पृथ्वीवर जीव पहिल्यांदा निर्माण कसा झाला, हा एक प्रश्न. एकदा निर्माण झालेल्या जीवापासून इतक्या तऱ्हा कशा झाल्या, हा दुसरा. पहिला जीवाच्या उत्पत्तीचा, दुसरा उत्क्रांतीचा.

खळग्यातली घटना या दोन्हींत बसत नाही. त्या कोळंबीसारख्या प्राण्यांची अंडी सुक्या मातीत महिनोन्‌महिने, कधी कधी वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाणी मिळताच फुटतात. बेडूक पावसाबरोबर येऊन अंडी घालतात. म्हणजे जीवापासूनच जीव. आपल्याकडे जुन्या मंडळींनी सजीवांच्या चार खाणी सांगितल्या: जारज, अंडज, उद्भिज्ज आणि स्वेदज. यातली स्वेदज म्हणजे घामातून, ओलाव्यातून, उबेतून जन्मणारी. युरोपातही ॲरिस्टॉटलपासून हीच समजूत होती. १६६८ मध्ये इटलीत फ्रान्चेस्को रेडीने मांसाच्या भांड्यावर कापड बांधून दाखवलं की माशी बसली नाही तर अळ्या होत नाहीत. पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने बाकदार मानेच्या चंबूत उकळलेलं द्रावण ठेवलं. हवा आत जात होती, धुळीबरोबरचे सूक्ष्मजीव मानेच्या बाकात अडकत होते. द्रावण नासलं नाही.

इथूनच पहिली गल्लत सुरू होते. "जीवापासूनच जीव होतो हे पाश्चरने सिद्ध केलं, मग उत्क्रांती कशी खरी?" असा सवाल मी अनेकदा ऐकला आहे. सवाल प्रामाणिक असतो, पण तो चुकीच्या दारावर थाप मारतो. उत्क्रांती तरी दुसरं काय सांगते? प्रत्येक सजीवाला आईबाप असतात, निदान एक जनक तरी असतोच, आणि पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा फरक पडत जातो. पाश्चर आणि डार्विन इथे एकाच बाजूला उभे आहेत. पाश्चरच्या प्रयोगाचा संबंध लागलाच तर उत्पत्तीच्या प्रश्नाशी लागतो, आणि तोही अर्धवट. आजच्या हवेत, उकळलेल्या द्रावणात, ठरावीक काळात सूक्ष्मजीव आपोआप होत नाहीत एवढं त्याने दाखवलं. चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या, जवळजवळ प्राणवायू नसलेल्या पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांत काय होऊ शकलं असतं, याची परीक्षा त्या चंबूत झाली नव्हती.

डार्विनला हा फरक पक्का ठाऊक होता. १८५९ च्या त्याच्या ग्रंथाचा विषय सजीवांच्या जातींची उत्पत्ती हा आहे, जीवाची नाही. १८६३ मध्ये मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की जीवाच्या उगमाचा विचार आत्ता करणं व्यर्थ आहे, मग द्रव्याच्या उगमाचाही करायला काय हरकत आहे!

उत्क्रांतीला लागतं काय? वेगळेपण, ते पुढच्या पिढीत उतरणं, आणि कुणाची पिल्लं जास्त जगणं, कुणाची कमी. कोकणात हे समजावायला आंब्यापेक्षा सोपं काही नाही. हापूसचं कलम बांधलं की मूळ झाडाचाच वाण मिळतो, म्हणून बाग एकसारखी फळते. बाठा रुजवला तर रायवळ उगवतो. कुठला गोड, कुठला आंबट, कुठला नुसता धाग्यांचा. निवडीला वाव रायवळात असतो, कलमात नाही. बागेत निवडणारा माणूस असतो. खाडीत ते काम भरती-ओहोटी, खारेपणा आणि चिखल करतात. कुणी ठरवून करत नाही, तरी होतं.

खाडीतली तिवर आणि कांदळ बघा. तिवराच्या पानांतून मीठ बाहेर पडतं आणि चिखलातून त्याची श्वासमुळं खुंट्यांसारखी वर येतात. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हिरव्या लांब शेंगेसारखा कोंब खाली लोंबत राहतो. शेजारी उभी असली तरी ही जवळची भावंडं नाहीत. तिवराचं कुळ अडुळसा आणि आबोलीचं! डीएनए तपासल्यावर हे नातं पक्कं झालं. परसातल्या अडुळशाचा नातलग गुडघाभर चिखलात उभा राहून खारं पाणी पचवतो, हे मला कुठल्याही पुराणकथेइतकं विलक्षण वाटतं. आणि हे सगळं शोधताना पहिला जीव कसा झाला, हे कुणाला माहीत असायची गरज पडली नाही. डीडीटी या कीटकनाशकाला न जुमानणारे डास तयार झाले, तेही आपल्या डोळ्यांदेखत.

निवटीबद्दलही सांगायला हवं. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा हा मासा दाखवून "असंच आपले पूर्वज पाण्यातून वर आले" असं सांगितलं जातं. निवटी आपली पूर्वज नाही. ती आजचीच मासळी आहे, तिने जमिनीचा मार्ग स्वतंत्रपणे धरला. आपली शाखा मांसल पर असलेल्या दुसऱ्याच माशांपासून निघाली. त्यांच्या पाण्यातून जमिनीकडे येण्याच्या वळणावरचा टिकटालिक हा सुमारे साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी. त्याचे जीवाश्म २००४ मध्ये उत्तर कॅनडात मिळाले.

आता उत्पत्तीकडे. इथली जमीन इतकी टणक नाही. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले, बहुतेकांना मान्य असलेले सर्वांत जुने खडक सुमारे ३५० कोटी वर्षांचे. मधल्या काळात केव्हातरी रसायनांचा जीव झाला. १९२४ मध्ये रशियात ओपारिनने आणि १९२९ मध्ये इंग्लंडात हाल्डेनने कल्पना मांडली की प्राणवायूविरहित हवेत, ऊन आणि विजेच्या जोरावर सेंद्रिय द्रव्यं समुद्रात साठत गेली असावीत. (हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.) १९५३ मध्ये स्टॅनली मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि वाफेच्या मिश्रणात ठिणग्या पाडून काही दिवसांत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते रेणू, मिळवली. आद्य हवा नेमकी तशी नसावी असं आता मानतात, पण १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्लं सापडली. म्हणजे हा कच्चा माल दुर्मीळ नाही. विटा मिळाल्या म्हणजे घर उभं राहिलं असं मात्र नाही, आणि तिथेच सगळी अडचण आहे. स्वतःची नक्कल करणारा रेणू आधी, की ऊर्जा खेळवणारी रसायनांची साखळी आधी? खोल समुद्रातल्या उष्ण झऱ्यांपाशी, की जमिनीवरच्या आलटून पालटून ओल्या-सुक्या होणाऱ्या डबक्यांत? यावर आज एकमत नाही.

मग आपल्या कोकणातल्या उन्हवरे किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या गरम झऱ्यात आज नवा जीव का सुरू होत नाही? याचं उत्तर डार्विननेच १८७१ च्या एका पत्रात दिलं होतं. एखाद्या उबदार डबक्यात तसं द्रव्य आज तयार झालंच, तर आधीपासूनचे जीव ते क्षणात खाऊन टाकतील. शिवाय हवेत २१ टक्के प्राणवायू आहे, तो असल्या नाजूक रेणूंना जाळतो. त्या कढत पाण्यातही जिवाणू आधीच ठाण मांडून बसलेले आहेत.

आणखी एक गोंधळ सगळ्या सजीवांच्या समान पूर्वजाबद्दल होतो. जनुकीय लिपी जवळजवळ सगळीकडे एकच असल्याने असा पूर्वज होता हे खात्रीने म्हणता येतं. पण एखाद्या घराण्याचा मूळपुरुष जसा जगातला पहिला माणूस नसतो, तसा हा पूर्वजही पहिला जीव नव्हता. त्याच्याआधी आणि त्याच्यासोबत इतर होते, त्यांचा वंश उरला नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप योगायोगाचा आहे: इतकं गुंतागुंतीचं आपोआप कसं होईल? उत्क्रांतीला हा आक्षेप लागू पडत नाही. बदल कुठलाही होवो, टिकतो कुठला हे योगायोगावर सोडलेलं नसतं, आणि टिकलेल्यावर पुढचा बदल चढतो. उत्पत्तीच्या बाबतीत मात्र आक्षेप खरोखर वजनदार आहे, कारण नक्कल सुरू होण्याआधी निवडीला धरायला काही नसतं. म्हणून वाद घालणाऱ्याला मी आधी विचारतो की तुमचा रोख कुठल्या प्रश्नावर आहे. देवाचा प्रश्नही असाच. डार्विनने आपल्या ग्रंथाच्या १८६० च्या दुसऱ्या आवृत्तीत पहिला श्वास फुंकणाऱ्या 'निर्मात्या'चा उल्लेख घातला आणि नंतर त्याचा पस्तावाही व्यक्त केला. पण त्या शब्दाने किंवा तो गाळल्याने नैसर्गिक निवडीच्या युक्तिवादात तसूभर फरक पडला नाही.

दोन्ही प्रश्नांच्या मधे मात्र भिंत नाही. १९६७ मध्ये सोल स्पिगेलमन आणि सहकाऱ्यांनी एका विषाणूचा आरएनए (डीएनएसारखाच आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू), त्याची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) आणि लागणारं साहित्य परीक्षानळीत घातलं आणि थोडा थोडा भाग पुढच्या नळीत टाकत गेले. भराभर नक्कल होणाऱ्यांचीच सरशी होत गेली, आणि ७४ व्या बदलीपर्यंत मूळ आरएनएचा ८३ टक्के भाग गळून गेला होता. पेशी नाही, खाणं नाही, मरण नाही, तरी निवड चालू! नासाच्या प्रचलित व्याख्येत जीव म्हणजे डार्विनच्या रीतीने उत्क्रांत होऊ शकणारी, स्वतःला सांभाळणारी रासायनिक व्यवस्था. नळीतला आरएनए उत्क्रांत होत होता, पण त्याला विकर आणि साहित्य बाहेरून पुरवावं लागत होतं. व्याख्येची एक अट तो पाळतो, दुसरी पाळत नाही. उत्पत्तीवर काम करणारे आज नेमकं हेच अंतर भरू पाहत आहेत: बाहेरच्या विकराशिवाय स्वतःची पूर्ण नक्कल करणारा आरएनए प्रयोगशाळेत घडवायचा.