शिवडीचे रोहित सायबेरियाचे नव्हेत

दर हिवाळ्यात तोच मेसेज फिरतो: ‘सायबेरियाचे गुलाबी पाहुणे मुंबईत दाखल!’ पाहुणे खरे, गाव मात्र चुकीचं. शिवडी, ऐरोली, भांडुपच्या चिखलात दिसणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, मुख्यतः गुजरातेतून येतात. कच्छच्या रणात मातीची बुटकी घरटी रचून ते पिल्लं वाढवतात. २०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने इथल्या काही रोहितांना उपग्रह ट्रान्समीटर बसवले. त्यातला एक भांडुपहून उडून थेट भावनगरला उतरला.

सायबेरियाहून खरोखर येतो तो त्यांच्याच पायाशी चिखल टोचणारा, बाकदार चोचीचा तुतवार. मूठभर जीव, हजारो किलोमीटरचा प्रवास! त्याच्याकडे कुणाचा कॅमेरा वळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.