माथेरानचे जुने बंगले बघायला येताय? आधी हे वाचा

शनिवारच्या फेरीत नाव नोंदवल्याबद्दल आभार. आम्ही तिघे नेरळचे. एका खेपेला दहापेक्षा जास्त माणसं नेत नाही, कारण त्यापुढे गेलं की पुढच्याला आमचं बोलणं ऐकू येतं आणि मागच्याला फक्त घोड्याच्या टापा.

सकाळी साडेसातला दस्तुरी नाक्यावर भेटायचं. गाडी तिथेच ठेवावी लागते, वर मोटारींना बंदी आहे. नगरपरिषदेचा प्रवेशकर ज्याचा त्याने भरायचा, तो आमच्या शुल्कात धरलेला नाही. बाजारपेठ तिथून अडीच-तीन किलोमीटर. आम्ही चालतच जातो. गुडघे दुखत असतील तर आधी सांगा, म्हणजे अमन लॉजहून शटल गाडी किंवा ई-रिक्षा बघता येईल. माणसाने ओढायच्या हातरिक्षा बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं आहे. आम्ही त्या कधीच ठरवून देत नव्हतो.

पांढरे बूट घालू नका. तांबडी माती दोन धुण्यांत जात नाही. खाऊची पिशवी हातात मोकळी ठेवली तर ती माकडांची झाली असं समजा.

आता काय बघणार ते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात चौकच्या मुक्कामावरून हा डोंगर चढले आणि ‘माथेरानचा शोध लागला’ असं पुस्तकांत छापून आलं. ठाकूर, कातकरी, धनगर इथे आधीपासून वावरत होते, त्यामुळे आम्ही ‘शोध’ हा शब्द वापरत नाही. मॅलेटसाहेबांना डोंगर सापडला नाही, आवडला. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी लक्ष घातलं आणि बंगले उठू लागले. १८५२ चं बार हाऊस त्याच्याही आधीचं, ते नंतर हॉटेल झालं. साहेबांमागोमाग मुंबईचे पारशी आणि बोहरी आले. जांभ्या दगडाचं जोतं, खोल व्हरांडा, उतरती छपरं, समोर जांभळाची झाडं हे सगळं वाटेवरून छान दिसतं. बरेच बंगले खाजगी आहेत. फाटक उघडं दिसलं तरी आत शिरायचं नाही आणि माळ्याला पैसे देऊन ‘जरा बघू द्या’ म्हणायचं नाही. एकदा आमच्याच एका पाहुण्याने तसं केलं, त्यानंतर त्या घरासमोर थांबायलाही आम्हाला संकोच वाटतो.

मिनी ट्रेन साहेबांनी बांधली असं बहुतेकांना वाटतं. ती बांधली आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी, १९०४ ते १९०७ या काळात, आणि खर्च त्यांच्याच घराण्याने सोसला. रूळ फक्त दोन फुटी, नेरळपासून अंतर सुमारे २१ किलोमीटर. त्याआधी घोडा, डोली नाहीतर स्वतःचे पाय. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, अमन लॉज ते माथेरान शटल मात्र चालू राहते. रुळांवर बसून फोटो काढू देणार नाही, रागवू नका.

शार्लट तलावावर अर्धा तास थांबतो. नाव इंग्रजी, पण काठावर आमचं ग्रामदैवत पिसारनाथ. गावाला प्यायचं पाणी याच तलावातून मिळतं, म्हणून पाय धुवायलाही उतरू नका. तिथून लुईसा पॉइंट. कठड्यापलीकडे जाणाऱ्याचं शुल्क परत करून त्याला बाजारात सोडून येतो. हा नियम गंमत म्हणून लिहिलेला नाही.

परतताना भाई कोतवालांबद्दल बोलतो. १ डिसेंबर १९१२ रोजी याच गावात, नाभिकाच्या गरीब घरात जन्म. पुढे वकील झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बंगल्यांची नावं पाठ करून जाणाऱ्यांना हे नाव बऱ्याचदा माहीत नसतं, म्हणून एवढा वेळ आम्ही मुद्दाम राखून ठेवतो.

दुपारी एकपर्यंत बाजारात पोचतो. जेवण आपापलं. चिक्की कुठली घ्यावी ते विचाराल तर सांगू, दुकानदाराकडून आम्हाला काही मिळत नाही.

पाऊस फार असला तर आदल्या संध्याकाळी फोन करून फेरी पुढे ढकलतो. पैसे बुडत नाहीत.