पहिली गाडी घेताय? आधी बंद गाडी ढकलून बघा

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमचं गॅरेज आहे आणि जोडीला जुन्या मोटरसायकलींची खरेदी-विक्री, हे तुम्हाला माहीतच असणार नाहीतर हा कागद तुमच्या हातात आला नसता. पहिल्यांदा गिअरची गाडी घेणाऱ्याला आम्ही काउंटरवर रोज जे सांगतो तेच इथे छापलंय, कारण दसरा-पाडव्याच्या गर्दीत तेवढं बोलायला वेळ मिळत नाही आणि मग लोक मुहूर्त गाठायच्या नादात रंग बघून गाडी घेऊन जातात.

आमचा एक नियम आहे, काही जण चिडतात पण आम्ही तो सोडला नाही. ट्रायलला चावी लगेच मिळत नाही. लाइनीत लावलेली गाडी इंजिन बंद ठेवून स्वतः मागे ओढून बाहेर काढायची, वळवायची, गेटपर्यंत ढकलत न्यायची, परत आणून जागेवर स्टँडला लावायची. एवढं जमलं की चावी. पोरं म्हणतात काका आम्ही गाडी चालवायला आलोय ढकलायला नाही. पण नवशिक्यांच्या ज्या गाड्या आमच्याकडे मोडून येतात ना, त्यातल्या बऱ्याच जागच्या जागी पडलेल्या असतात. यू-टर्न मारताना, पार्किंगमधून काढताना, चढावर पाय टेकवायला गेलं आणि नेमका खाली खड्डा. गाडी पळत असते तेव्हा बराचसा तोल तिचा तीच धरते, थांबली की सगळा भार तुमच्या पायावर आणि कंबरेवर. म्हणून आम्ही म्हणतो पहिली गाडी उभी असतानाच निवडायची, पळवून बघणं नंतरचं काम.

वजन आणि उंची

आता आकडे बघा. स्प्लेंडर प्लस साधारण ११२ किलो, शाइन १२५ तिच्याच आसपास, पल्सर १५० साधारण १४८, हंटर ३५० म्हणजे १८१ आणि क्लासिक ३५० तब्बल १९५ किलो. म्हणजे स्प्लेंडर आणि क्लासिकमध्ये ८० किलोच्या वर फरक, एक धडधाकट माणूस मागे बसवल्यासारखाच झाला की. चालवताना हा फरक जाणवत नाही, उलट जड गाडी हायवेला छान बसून चालते, म्हणूनच माणूस फसतो. ट्रायलला दोन किलोमीटर सरळ रस्त्याला नेऊन आणली, झकास वाटली, पैसे दिले, आणि घरी गेल्यावर कळतं की बोळातून मागे घेता येत नाही, रोज शेजाऱ्याला हाक मारायची.

सीटच्या उंचीचं पण तसंच. ब्रोशरमध्ये स्प्लेंडर ७८५ मिलिमीटर, हंटर ७९०, क्लासिक ८०५, आर-फिफ्टीन ८१५ असे आकडे असतात आणि लोक तेवढंच वाचून ठरवतात. पण सीट पुढे निमुळती असेल तर उंच गाडीवर सुद्धा पाय टेकतो आणि रुंद असेल तर कमी उंचीची गाडीही मांड्या फाकवून ठेवते. शिवाय तुम्ही बसल्यावर शॉकअप थोडा खाली दबतो तो वेगळाच. त्यामुळे बसून बघायचं, रोज जे बूट घालता ते घालून. पहिल्या गाडीला दोन्ही पायांचे चवडे तरी नीट टेकले पाहिजेत आणि एक पाय पूर्ण तळव्यासकट. उंची कमी आहे म्हणून कुणी लाजायचं कारण नाही, आमच्याकडे मुली येतात, घरच्यांना नको असतं, त्यांचं म्हणणं स्कूटीच घे. पण गाडी ढकलून दाखवली की वडील गप बसतात. सीटचा फोम थोडा कमी करून मिळतो, ते काम आम्ही करतो. शॉकअपला पट्ट्या मारून गाडी खाली बसवणं मात्र करत नाही, तिथे गाडीची मांडणीच बिघडते.

सीसी, पिकअप आणि बापलेकांची भांडणं

दर आठवड्याला एक तरी जोडी येते, मुलाला केटीएम पाहिजे आणि वडिलांना वाटतं स्प्लेंडर घ्यावी. खरं सांगायचं तर दोघांचं थोडं थोडं बरोबर असतं. वडिलांना वाटतं सीसी कमी म्हणजे धोका नाही, तसं काही नसतं, शंभर सीसीवर पण माणूस ऐंशीने जातोच. आणि मुलाला वाटतं पिकअप मला सांभाळता येईल. आकडा बघा, स्प्लेंडरची ताकद जेमतेम ८ हॉर्सपॉवर, केटीएमच्या ड्यूक २०० ची २५ च्या घरात आणि ड्यूक ३९० ची चाळिसाच्या वर. नवशिक्याच्या हातून चूक होणार ती कुठे, तर क्लच पटकन सुटतो आणि त्याच वेळी दचकून ॲक्सिलरेटर पिळला जातो. आठ हॉर्सपॉवरच्या गाडीला तेव्हा हिसका बसून ती बंद पडते, चाळीसच्या गाडीला तेवढ्यात समोरची भिंत येते. गाडी वाईट नाही हो, चाकणला बनते आणि मस्तच बनते, फक्त ती दुसरी गाडी म्हणून घ्या.

आमचं मत विचाराल तर १०० ते १६० सीसीच्या मधली, सरळ बसायची पोझिशन असलेली, रुंद हँडलची गाडी. पुढे वाकून बसायच्या स्पोर्ट्स गाडीवर मनगटावर भार येतो आणि हँडल कमी वळतं, त्यामुळे यू-टर्नला जागा जास्त लागते. आरटीओच्या टेस्टला गाडी फिरवत आठचा आकडा काढायचा असतो तेव्हा याचा अर्थ नीट कळतो.

ब्रेक

इथे पैसे वाचवू नका. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि १२५ पर्यंतच्यांना निदान सीबीएस हे एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं, त्याच्या आधीच्या गाड्यांना असेल किंवा नसेल. सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. एबीएस म्हणजे चाक जाम होऊ लागलं की ब्रेक क्षणाक्षणाला सोडून परत धरणारी यंत्रणा. सिंगल चॅनल असेल तर ती फक्त पुढच्या चाकाला असते, मागचं चाक ओल्या रस्त्यावर घसरू शकतं, आणि हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं, एबीएस लिहिलंय ना मग झालं.

बऱ्याच घरांत शिकवतात की पुढचा ब्रेक मारू नको, पालथा होशील. अचानक करकचून मारला तर होशील, खरंय. पण ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, मग नुसत्या मागच्या ब्रेकवर गाडी लवकर थांबणार कशी? रिकाम्या ग्राउंडवर तीसच्या स्पीडला दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत दाबायची सवय करा, दोनशे वेळा केलं तरी कमीच.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं कशासाठी, तर उसाचा सीझन सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉलीतून पडलेला ऊस, शेतातून चाकांना लागून आलेला चिखल, आणि रात्री मागे ना लाइट ना रेडियम अशी उभी ट्रॉली. सीटची उंची, सीसी सगळं बाजूला राहतं तिथे, हेडलाइट किती लांब पडतो ते कामाला येतं. म्हणून गाडी एकदा अंधार पडल्यावर पण बघायला या, आमची ना नाही. आणि यवतेश्वरच्या घाटातून उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून सोडायची नाही. गिअरमध्ये ठेवली की इंजिन गाडीला मागे धरतं, नाहीतर सगळा भार ब्रेकवर, ड्रम ब्रेक तापला की धरत नाही.

जुनी घेणार असाल तर

पहिली गाडी जुनी घ्यावी का नवीन? आम्ही जुन्या विकतो म्हणून जुनीच म्हणणार असं वाटेल तुम्हाला, पण एक विचार करा, पहिल्या वर्षात ती एकदा तरी पडणार आहे. नव्या गाडीच्या टाकीला चेप आला तर महिनाभर जेवण जात नाही. बाकी नवीन घ्यायला ऐपत असेल तर जरूर घ्या, सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्याच्या वरच्यांना ४०.

जुनी बघायला जाताना, आमच्याकडेच असं नाही, कुठेही, आधी सांगून ठेवा की मी यायच्या आधी गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिनला हात लावून बघायचं आणि मगच स्टार्टर. गरम इंजिन बरेच आजार लपवतं. चालू झाल्यावर सकाळी थोडी पांढरी वाफ निघाली तर चालेल, निळसर धूर निघत राहिला तर ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम निघणार, आणि तो खर्च विकणारा सांगत नाही. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते तुलनेने स्वस्तात सुटतं.

मग हँडलखाली, चासीला जिथे हँडल वळून टेकतं तो लोखंडी ठोकळा बघा. तिथे वेल्डिंग किंवा नवा रंग दिसला तर गाडी समोरून जोरात ठोकलेली आहे, कितीही चकचकीत असली तरी हात जोडून निघा. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर ऑइलची ओल असेल तर सील गेलंय. पुढचं चाक वर उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग गेलं. ही कामं करून घेता येतात, फक्त किमतीत धरा. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढून बघा, दात दिसण्याइतकी सुटली तर पूर्ण सेट बदलायचा.

मीटरवर विश्वास नको. चोवीस हजार दाखवतंय पण फूटरेस्टचं रबर आणि ब्रेकचं पायडल गुळगुळीत झालंय, मग काय समजायचं ते समजा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाच चांगली दिसली तरी रबर जुनं होऊन कडक झालेलं असतं आणि पावसात ते धरत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स हा धुराचा नवा नियम आला तेव्हा बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, अशी गाडी सकाळी चोक न ओढता चालू होते, पण बिघडली तर पाना-पकडीने भागत नाही, स्कॅनर लागतो. गावाकडे जवळ कोण दुरुस्त करणार हे आधी विचारून घ्या.

कागदपत्रांचं बघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवा, नुसता फोटो नको. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की १४ दिवसांत नावावर करायला अर्ज टाका, "नंतर करू" म्हणून राहिलेल्या गाड्यांचे चलन दोन-दोन वर्षं जुन्या मालकाला जातात आणि मग भांडणं आमच्या दारात. आधीचे थकलेले ई-चलन किती ते ऑनलाइन दिसतं, बघूनच सौदा करा. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो, त्यामुळे "पन्नास टक्के बोनसवाली पॉलिसी आहे" असं कुणी सांगितलं तर त्याचे पैसे वाढवून देऊ नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली का तेही बघा.

पैसे, थोडक्यात

एक्स-शोरूमचा आकडा विसरा, ऑनरोड विचारा आणि पावती लाइन-लाइन वाचा. नव्या गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम घ्यावाच लागतो म्हणून ती रक्कम मोठी दिसते, त्यात फसवणूक नाही. कर्ज घेताना "दहा टक्के फ्लॅट" ऐकून खूश होऊ नका, फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर व्याज, तीन वर्षांच्या हप्त्याला ते कमी होत जाणाऱ्या बाकीवर जवळजवळ अठरा टक्के पडतं. आणि बजेटमधले चार-पाच हजार हेल्मेट, ग्लोव्हज, रेनकोटसाठी आधीच बाजूला काढा. हेल्मेट आयएसआयचंच, डोक्यावर घालून पट्टा लावून मान हलवली तर आतल्या आत फिरता कामा नये. मागे बसणाऱ्याला पण लागतं बरं का.

लायसन

कच्चं लायसन निघाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते, कच्चं सहा महिने चालतं, पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावायचा आणि शिकवणारा सोडून कुणाला मागे बसवायचं नाही. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण लागतं. दहावी-अकरावीच्या मुलाला गाडी द्यायला आई-वडील येतात, आम्ही हात जोडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलगा सापडला तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. आमचा धंदा गेला तरी चालेल.

गाडी बघायला येताना लायसन ओरिजिनल आणा, पायात बूट घाला, चप्पलवर ट्रायल देत नाही. सकाळी दहाच्या आत आलात तर इंजिन थंड मिळेल. सोमवारी बंद असतो.