मोठं चाक पुढे की मागे?

जुन्या छायाचित्रात एक प्रचंड आणि एक इवलंसं चाक दिसलं की आपण लगेच ‘पेनी-फार्दिंग’ म्हणून मोकळे होतो. पण छोटं चाक हँडलखाली, म्हणजे पुढे असेल, तर ती सायकल निराळी: ‘अमेरिकन स्टार’. पेनी-फार्दिंग उलटी वळवली की स्टार झाली, असं मात्र नाही.

पेनी-फार्दिंग 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये, विशेषतः कॉव्हेंट्रीत, जेम्स स्टार्लीसारख्या कारागिरांच्या हातून बहरली. तिचे पायडल थेट पुढच्या चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, जोडलेले, मध्ये चेन नाही. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं हवं. 54 इंची चाक एका फेऱ्यात सुमारे 4.3 मीटर कापतं. याहून मोठं घ्यायचं तर स्वाराचे पाय तेवढे लांब हवेत!

स्वार बसायचा जवळजवळ पुढच्या आसाच्या वर. चाकाला दगड अडला की सगळी सायकल त्या आसाभोवती फिरायची आणि माणूस डोक्यावर आपटायचा. पाय हँडलखाली अडकलेले, उडी मारायचीही सोय नाही. म्हणून उतारावर पाय हँडलवरून पुढे टाकून बसायची रीत पडली. पडलोच तर निदान पायांवर पडू.

न्यू जर्सीच्या जॉर्ज प्रेसी यांनी 1880 मध्ये स्टारचं पेटंट घेतलं ते याच भीतीवर उपाय म्हणून. मोठं चाक मागे गेलं आणि गोल फिरणारे पायडलही गेले. त्यांच्या जागी दोन तरफा आल्या. तरफ दाबली की पट्टा ओढला जाऊन रॅचेटमार्फत (एकाच दिशेने जोर लावणारी दातेरी चकती) चाक फिरतं, मग स्प्रिंग तरफ परत वर आणते. दोन्ही तरफा एकदम दाबता येतात, आणि पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसद भवनाच्या, पायऱ्यांवरून लोकांनी स्टार उतरवून दाखवली. चढावर मात्र पुढचं हलकं चाक उचललं जाऊन मागे पडायची भीती होती.

मला स्टारचं खरं मोल वाटतं ते कामाच्या वाटणीत. पेनी-फार्दिंगमध्ये पायाच्या प्रत्येक दाबाबरोबर हँडल वळू पाहायचं, हातांना ते सतत आवरावं लागायचं. स्टारमध्ये मागचं चाक ढकलतं, पुढचं फक्त दिशा देतं. 1885 मध्ये जेम्स यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’मध्येही हीच वाटणी होती, पण मागचं चाक चेनने फिरत होतं. चेनमुळे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकाहून जास्त फेरा होऊ लागला आणि मोठ्या चाकाची गरजच संपली.