अंड्यांतून पिले निघत नाहीत? आधी मडक्याचा तळ पाहावा

आमच्याकडून झेब्रा किंवा बेंगालीज फिंच या पिंजऱ्यात पाळायच्या छोट्या पक्ष्यांची जोडी नेलेले बरेच ग्राहक काही महिन्यांनी एकच तक्रार घेऊन येतात : अंडी दिसतात, पिले दिसत नाहीत, नरात दोष असावा, जोडी बदलून द्यावी. अंडी घालून तीन आठवडे उलटले असतील, तर ग्राहकांनी प्रथम घरट्यासाठी पिंजऱ्यात टांगलेल्या मडक्याचा तळ चाचपून पाहावा. पुष्कळदा तिथे काथ्याच्या थराखाली गाडली गेलेली, थंड पडलेली अंडी सापडतात आणि त्या थरावर नवी अंडी असतात.

सुटा काथ्या, गवत किंवा पीस समोर दिसले की झेब्रा फिंचचा नर ते मडक्यात नेतच राहतो. खाली अंडी आहेत म्हणून थांबत नाही. गोव्यात घरच्या नारळांच्या सोडणांतून काथ्या फुकट निघत असल्याने हौसेने मूठ-मूठ टाकला जातो, आणि नुकसान नेमके तिथेच होते. म्हणून पहिले अंडे दिसताच पिंजऱ्यातील सगळा सुटा काथ्या, तळाशी पडलेल्या पिसांसह, काढून घ्यावा. मादी साधारणपणे रोज एक अशी ४ ते ६ अंडी घालते, तिसऱ्या-चौथ्या अंड्यानंतर जोडी नेटाने उबवू लागते आणि पुढे सुमारे १२ ते १४ दिवसांत पिले निघतात. एवढ्या काळात मडके हलवू नये. चवथीची साफसफाई आली तरी पिंजरा जागेवरच राहू द्यावा.

मडक्यासोबत आम्ही काथ्याची एकच जुडी देतो, याला काहीजण कंजूषपणा म्हणतात. ती जुडी एका घरट्यापुरती असते. पायात गुंता होऊ नये म्हणून बोटभर लांबीने कापलेली आणि कडक उन्हात वाळवलेली, कारण पावसाळ्यात दमट काथ्याला लगेच बुरशी धरते. भांडणे टाळण्यासाठी जोड्यांपेक्षा जास्त मडकी एकाच उंचीवर टांगावीत. मादीचे अंडे अडकू नये यासाठी लागणारा समुद्रफेस (माकूल या समुद्री जीवाचे कॅल्शियमयुक्त कवच) दुकानात मिळतो. सलग दोन विणींनंतर मडकी उतरवून तिला विश्रांती द्यावी.

लाल मुनिया हा आपल्याकडचा रानपक्षी मात्र कृपया मागू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार तिची विक्री गुन्हा आहे.

जोडी बदलून देण्यास आमची ना नाही. फक्त येताना मडके रिकामे न करता, आहे तसे आणावे.