स्वयंसेवा कार वॉशमधील पैसे स्वीकारयंत्र

स्वयंसेवा कार वॉशमध्ये गाडी मालक किंवा ड्रायव्हर स्वतः धुतो. केंद्र त्याला जागा, पंप, फेस आणि पाण्याची गन देते आणि वापरलेल्या वेळेचे पैसे भिंतीवरचे यंत्र घेते. नाणे, टोकन, नोट, कार्ड किंवा यूपीआय, जे येईल ते ओळखायचे आणि पंपाच्या टायमरला किती सेकंद द्यायचे ते सांगायचे, एवढेच या यंत्राचे काम. जुने यंत्र बदलून किंवा त्याला जोड देऊन नव्या प्रकारचे पैसे घेण्याची सोय करणे, याला नूतनीकरण म्हणतात.

नाशिकमध्ये बहुतेक वॉशिंग सेंटरवर अजून कामगारच गाडी धुतात आणि पैसे काउंटरवर दिले जातात. पण पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडून चिखलाने माखून परतणाऱ्या गाड्या, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारी गर्दी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची रांग आणि २०२७चा सिंहस्थ, हे सगळे पाहता आपल्या हाताने दहा मिनिटांत गाडी धुऊन निघण्याची सोय या शहराला उपयोगी पडणारी आहे. ती टिकेल की नाही, हे पाण्याच्या दाबाइतकेच पैसे घेणाऱ्या डब्यावर ठरते.

कार्यपद्धती

यंत्राला रुपया कळत नाही, त्याला पल्स कळते. खाचेत नाणे पडले आणि खरे ठरले की स्वीकारयंत्र तारेवरून विजेचा एक क्षणिक ठोका पाठवते. टायमर ते ठोके मोजतो आणि तेवढा वेळ पंप आणि व्हॉल्व्ह चालू ठेवतो. समजा एका पल्सला ४५ सेकंद ठरवले आणि दहा रुपयांना एक पल्स दिली, तर चाळीस रुपयांत तीन मिनिटे मिळतात. दर वाढवायचा तर नाणे बदलावे लागत नाही, सेकंद कमी केले की झाले. अधिक प्रगत यंत्रे ठोक्यांऐवजी एमडीबी किंवा सीसीटॉक या ठरलेल्या भाषांत बोलतात. पण साध्या केंद्रासाठी पल्सची पद्धत पुरेशी आहे आणि गावातल्या इलेक्ट्रिशियनला ती समजते, हा तिचा मोठा गुण. नूतनीकरण स्वस्तात होते तेही हिच्याचमुळे. नवे यंत्र कोणतेही असो, शेवटी त्याने जुन्या टायमरला तोच ठोका द्यायचा असतो.

नाण्यांचा प्रश्न

अमेरिकेत स्वयंसेवा कार वॉश क्वार्टर या पाव डॉलरच्या नाण्यावर वाढले. त्या नाण्याचा व्यास २४.२६ मिलिमीटर आणि १९६५पासून वजन ५.६७ ग्रॅम. नाणे बदलले नाही, म्हणून नाणेयंत्रही बदलावे लागले नाही. तिथे कार्ड आले ते वेगळ्या कारणाने: धुण्याचा दर काही डॉलरवर गेला आणि मूठ-मूठ क्वार्टर टाकत बसणे गिऱ्हाइकाला नकोसे झाले.

आपल्याकडचे चित्र याच्या उलट आहे. २०११च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणे २५ मिलिमीटरचे आणि पाच रुपयांचे २३ मिलिमीटरचे होते. २०१९च्या मालिकेत दोनचे २३ आणि पाचचे २५ झाले, म्हणजे मापांची चक्क अदलाबदल. दोन्ही मालिका आज एकाच खिशात असतात. शिवाय नऊ ग्रॅमचा जुना जाड पाच रुपयाही अधूनमधून निघतोच, तोही २३ मिलिमीटरचाच. दहाचे आणि वीसचे नाणे दोन्ही २७ मिलिमीटरचे. फरक असा की वीसचे बाराकोनी आहे आणि धातूंचे रंग उलटे आहेत: दहाला कडा पिवळी आणि मध्य पांढरा, वीसला कडा पांढरी आणि मध्य पिवळा. नुसता व्यास पाहणारे यंत्र इथे फसणारच.

म्हणून भारतात नाणेयंत्र घ्यायचे तर धातूही पारखणारे घ्यावे. साध्या प्रकारात यंत्राच्या आत नमुन्याचे एक नाणे अडकवलेले असते आणि पडणारे नाणे विद्युतवेटोळ्यातून जाताना त्याच्याशी ताडून पाहिले जाते. हे एकच नाणे ओळखते. अनेक नाण्यांच्या यंत्राला प्रत्येक नाण्याचे बरेच नमुने टाकून ‘शिकवावे’ लागते. शिकवताना कोरी नाणी वापरली, तर झिजलेली नाणी परत येतात. म्हणून बाजारात फिरलेली, मळकी, वेगवेगळ्या टांकसाळींची आणि वेगवेगळ्या नक्षींची नाणी मिसळून टाकावीत. दहाच्या नाण्याच्या चौदा नक्षी चलनात असल्याचे आणि त्या सगळ्या वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८च्या जानेवारीत स्पष्ट केले होते. यंत्राला निदान त्यातल्या जास्तीत जास्त दाखवाव्यात.

नाण्यांचे ओझेही लक्षात घ्यावे. गल्ल्यात दहाची हजार नाणी साठली की ते दहा हजार रुपये होतात आणि वजन भरते पावणेआठ किलो. ती मोजायची, पिशवीत भरायची, बँकेत न्यायची. केंद्र चालवणाऱ्याचा यात जाणारा वेळ हे नूतनीकरणाचे खरे कारण असते. यावर टोकनचा तोडगा काही ठिकाणी काढतात. यंत्राला एकच माप ओळखावे लागते, पण टोकन विकायला माणूस बसवावा लागतो आणि स्वयंसेवेचा अर्थच जातो.

नोटा

नाशिककरांना नोटांची ओळख सांगायला नको. १९२८पासून नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्या छापल्या जातात. मात्र नोट घेणाऱ्या यंत्राला ती ओळख पुन्हा पुन्हा करून द्यावी लागते. २०१६च्या नोटाबंदीनंतर आकार बदलत गेले. शंभरची जुनी नोट १५७ बाय ७३ मिलिमीटरची, तर २०१८ची जांभळट नोट १४२ बाय ६६ची, आणि दोन्ही चालतात. दरवेळी यंत्रातले सॉफ्टवेअर नव्याने भरावे लागते. ते देणारा विक्रेता हाताशी नसेल, तर हजारोंचे यंत्र एका नव्या नोटेपुढे निकामी होते. त्यात गिऱ्हाइकाचे हात ओले असतात. आपली नोट कापसापासून बनवलेल्या कागदाची, ती पाणी पिते, पट्ट्यावर चिकटते किंवा प्रकाशसंवेदकाला वेगळी दिसते. कार वॉशसाठी नोटयंत्राची शिफारस करता येत नाही.

यूपीआय

२०१६मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने हा सगळा विचार बदलला. पण दुकानात ज्याला सगळे ‘स्कॅनर’ म्हणतात तो छापील क्यूआर भिंतीवर चिकटवणे म्हणजे नूतनीकरण नव्हे. त्यावर पैसे खात्यात जमा होतात, साउंडबॉक्स मोठ्याने सांगतो, पण ते माणसाच्या कानासाठी असते. टायमरला काहीच कळत नाही आणि बटण दाबायला पुन्हा माणूस लागतो. शिवाय छापील क्यूआरवर कुणी स्वतःचा क्यूआर चिकटवला, तर दिवसभराचा गल्ला भलत्याच खात्यात जातो.

यासाठी बदलता क्यूआर लागतो. गिऱ्हाइकाने रक्कम निवडली की पडद्यावर फक्त त्या व्यवहाराचा क्यूआर उमटतो. पैसे पोचल्याचा निरोप पेमेंट गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या मधल्या सेवेकडून, केंद्राच्या सर्व्हरला, तिथून मोबाइल सिमवर चालणाऱ्या लहान कंट्रोलरला मिळतो. कंट्रोलर रिलेचा, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचचा, खटका तितक्या वेळा उघड-बंद करतो आणि जुन्या टायमरला वाटते की नाणी पडली. जोडणी एवढीच, दोन-चार तारांची. मात्र जुना टायमर १२ व्होल्ट डीसीवर आहे की २४ व्होल्ट एसीवर, ते आधी मीटर लावून पाहावे. परदेशी बनावटीच्या संचांत २४ व्होल्ट एसी सर्रास असतो आणि चुकीच्या ठिकाणी तार जोडली तर कंट्रोलर जळतो.

सगळ्यात जास्त काळजी ‘पैसे कटले, पण पाणी आले नाही’ या तक्रारीची घ्यावी लागते. तिची दोन रूपे आहेत. खात्यातून रक्कम गेली, पण व्यापाऱ्याकडे पुष्टी पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी आणि उशीर झाल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. दुसऱ्या रूपात पुष्टी पोचली, पण पत्र्याच्या शेडखाली सिमकार्डला रेंज नव्हती आणि कंट्रोलरला निरोप मिळाला नाही. इथे बँकेचा काहीही दोष नाही, जबाबदारी पूर्णपणे केंद्राची आहे. म्हणून ठरावीक सेकंदांत कंट्रोलरने ‘पल्स दिली’ असे कळवले नाही, तर सर्व्हरने रक्कम स्वतःहून परत पाठवावी आणि उशिरा पोचलेला तो निरोप कंट्रोलरने रद्द समजावा. एकाच व्यवहाराचा निरोप दोनदा आला, तर दुसऱ्यांदा पाणी सोडू नये. आणि लाईट गेली तर शिल्लक सेकंद स्मृतीत राहावेत. अंगभर फेस लावलेली गाडी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पुन्हा पैसे भरायला लावणे हा अन्याय आहे, आणि तो माणूस परत येत नाही.

१ जानेवारी २०२०पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहारामागे कापले जाणारे शुल्क, घेतला जात नाही. सर्व्हर, सिम आणि देखभाल यांचा खर्च मात्र दरमहा असतो, तो आधी विचारून घ्यावा.

बसवण्याची जागा

पडदा आणि कंट्रोलर किमान आयपी ६५ दर्जाच्या पेटीत असावेत. हा दर्जा धूळ आणि साध्या फवाऱ्यापासून बचाव करतो, धुलाईच्या गनमधून येणाऱ्या ८०-१०० बार दाबाच्या धारेपासून नाही. म्हणून पेटी बेच्या, म्हणजे गाडी धुण्याच्या कप्प्याच्या, आत न लावता प्रवेशाच्या बाहेरच्या भिंतीवर, गनची नळी पोचणार नाही इतक्या अंतरावर लावावी आणि तोंड पश्चिमेला करू नये. दुपारनंतरच्या उन्हात पडद्यावरचा क्यूआर फोनला वाचता येत नाही.

यूपीआय बसवल्यावर जुने नाणेयंत्र काढून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. मालकाने हातात रोकड देऊन पाठवलेला टॅक्सीचा ड्रायव्हर, फोनची बॅटरी संपलेला भाविक आणि सर्व्हर बंद पडलेली सकाळ, या तिघांसाठी दहाच्या नाण्याची एक खाच चालू ठेवावी. दोन्ही यंत्रे एकाच टायमरला समांतर जोडता येतात. मात्र दोन्हींच्या पल्सची लांबी टायमरला चालणारी हवी आणि नाण्यांचा व यूपीआयचा हिशेब वेगळा ठेवणारे मोजणीयंत्र प्रत्येकावर हवे. नाहीतर संध्याकाळी गल्ला आणि खाते जुळवताना फरक कुठे पडला ते सापडत नाही.