सेड : जुळणाऱ्या ओळींच्या शेवटी मजकूर जोडणे

मजकुराच्या फाइलीतील ठरावीक शब्द असलेल्या ओळी निवडून फक्त त्यांच्याच शेवटी नवा मजकूर जोडण्याची आणि उरलेल्या ओळी जशाच्या तशा पुढे जाऊ देण्याची क्रिया. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर ती बहुधा ‘सेड’ या प्रवाही संपादकाने केली जाते. सेड हा ली मॅकमहॉन यांनी १९७३-७४ मध्ये बेल लॅब्ज येथे तयार केला. त्याची आज्ञाभाषा ‘ईडी’ या जुन्या संपादकावरून आली आहे.

सेड एका वेळी एक ओळ उचलतो, तिच्या अखेरची ओळ संपल्याची खूण काढून ठेवतो, आज्ञा लागू करतो आणि ओळ बाहेर सोडताना ती खूण परत लावतो. त्यामुळे डॉलर चिन्हाने दाखवलेला ओळीचा शेवट हा खरोखरच शेवटच्या अक्षरानंतरचा बिंदू असतो. पत्त्यांच्या यादीत सांगलीच्या ओळींना वाहन नोंदणीचा संकेतांक जोडायचा असल्यास आज्ञेचा साचा ‘/सांगली/एस/$/, एमएच १०/’ असा होतो (‘एस’च्या जागी प्रत्यक्षात ते लहान रोमन अक्षर लिहितात). पहिल्या दोन तिरक्या रेघांमधील शब्द ओळ निवडतो. पुढचा भाग त्या ओळीच्या शेवटाच्या जागी नवा मजकूर घालतो. सेडमध्ये ‘ए’ ही जोडणीची वेगळी आज्ञा आहे, पण ती मजकूर त्याच ओळीत न घालता खाली नवी ओळ म्हणून घालते, आणि नवशिके नेमके इथेच चुकतात.

मराठी मजकुरात जोडणीपेक्षा निवड अवघड ठरते. ‘सांगली’ हे नाव सांगलीत, सांगलीला, सांगलीच्या अशा सर्व रूपांत अखंड राहते, म्हणून एकाच शब्दाने सगळ्या ओळी सापडतात. ‘सातारा’ मात्र विभक्ती लागताच ‘साताऱ्यात’, ‘साताऱ्याहून’ असा बदलतो आणि मूळ शब्दाला जुळत नाही. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेतात एकसंध अथवा ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा जोडीने, दोन्ही प्रकारे साठवता येते. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींपैकी एकच जुळण्याचे कारण अनेकदा हेच असते. प्रणालीची भाषा-मांडणी युनिकोडची असल्यास ‘साता[रऱ]’ हा साचा (चौकटी कंसातील कोणतेही एक अक्षर चालते) बहुतेक रूपे पकडतो. ‘वाई’ची अडचण उलटी आहे, कारण तो शब्द शोधताना ‘कारवाई’ आणि ‘हवाई’ असलेल्या ओळीही हाती लागतात. मराठी विश्वकोशाचे कार्यालय ज्या गावात आहे, त्याच गावाच्या नावाने हा घोटाळा व्हावा हे गमतीचे आहे. गावाचे नाव ओळीच्या आरंभी येत असेल, तर त्याआधी आरंभदर्शक टोपीचे चिन्ह आणि नंतर स्वल्पविराम घातल्यास अशा ओळी टळतात.

नव्या मजकुरात ‘&’ हे चिन्ह आल्यास सेड त्या जागी जुळलेला भाग घालतो; तेच चिन्ह अक्षरशः हवे असेल, तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मजकुरातच तिरक्या रेघा असतील, तर विभाजक म्हणून दुसरे चिन्ह वापरता येते.

विंडोजवर तयार झालेल्या फाइलींत ओळ संपल्याच्या खुणेआधी ‘कॅरेज रिटर्न’ हे अदृश्य चिन्ह असते. सेड नवा मजकूर त्याच्यानंतर जोडतो, त्यामुळे टर्मिनलवर तो ओळीच्या सुरुवातीच्या अक्षरांवर चढलेला दिसतो आणि आज्ञा चुकली असा समज होतो. आधी ते चिन्ह काढून टाकणे हाच त्यावर उपाय आहे. तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवल्यास संकेतांकही दोनदा लागतो. ते टाळण्यासाठी ‘/एमएच १०$/!’ अशी नकारार्थी अट महिरपी कंसात आतल्या बाजूला घालतात, म्हणजे आधीच संकेतांक असलेल्या ओळी सुटतात.

सेडचे फलित मूळ फाइलीत न जाता पडद्यावर येते. ते त्याच फाइलीकडे वळवू पाहिल्यास शेल (आज्ञा वाचून चालवणारी प्रणाली) आधी फाइल रिकामी करते आणि मगच सेडला वाचायला देते. यादी तिथेच संपते. जागच्या जागी बदल करणारा ‘आय’ हा पर्याय लिनक्सवर एकटा चालतो. मॅकवर मात्र त्याच्यापुढे राखीव प्रतीच्या नावाचा प्रत्यय, निदान रिकामा तरी, द्यावा लागतो.